साधंच आहे, पण या

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. बोलण्याच्या ओघात आलेले शब्द बहुतांशी तसेच ठेवले आहेत.)



सचिवांनी मला विचारलं, "मॅडम, विषय काय लिहू?" मी म्हटलं, "जेवण." ते म्हणाले, "जेवण तर भाषणं झाल्यावर आहे." म्हटलं, "ते केटररचं. मी घरच्या जेवणावर बोलणार आहे."

पंचवीस वर्षांत आपण काय काय केलं, त्याचा हिशेब अहवालात आहे. रस्ता झाला, नाली झाली, दिवे लागले, ओपन स्पेसला कुंपण झालं. मला दुसराच एक हिशेब मांडायचा आहे. गेल्या वर्षभरात आपण एकमेकांच्या घरी किती वेळा जेवलो? लग्न, वास्तुशांती, वाढदिवस, महालक्ष्म्यांचा प्रसाद, हे सगळं सोडून द्या. कार्यालय, लॉन, हॉटेल तेही सोडा. काही कारण नसताना, संध्याकाळी, त्यांच्या स्वयंपाकघरातलं, त्यांच्याच ताटात. मोजा मनातल्या मनात. बहुतेकांचं उत्तर एका हाताच्या बोटांत संपेल, आणि काहींचं बोट उघडणारही नाही.

सुरुवातीची वर्षं ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल. इथे सगळी काळी माती होती. पावसाळ्यात चपला हातात घेऊन यावं लागे. ज्याचं बांधकाम चालू असे तो शाळा, बँक, कचेरी सुटली की स्लॅबवर पाणी मारायला यायचा, आणि ज्याचं घर झालेलं असे त्याच्याकडे हमखास जेवूनच जायचा. "वहिनी, नको, घरी स्वयंपाक झाला असंल," असं तो म्हणायचा आणि पाय धुवायला मोरीकडे वळायचा. भाजी कोणती हे कोणी विचारत नव्हतं. आलू-वांगं असायचं, नाहीतर चून. तिकडे पुण्याकडे ज्याला पिठलं म्हणतात, त्याला आपल्या आज्या चून म्हणत. चून, भाकर, फोडलेला कांदा आणि ठेचा. त्या जेवणाचा फोटो कोणाकडे नाही. त्या दिवसांत जेवणाचे फोटो कोणी काढत नसे.

मग काय झालं? पैसा कमी झाला म्हणावं, तर उलट आहे. आता सगळ्यांकडे फ्रीज आहे, मिक्सर आहे, गॅसच्या दोन टाक्या आहेत. माझ्या मते आपला पाहुणचार आटला तो पदार्थ वाढल्यामुळे. एका घरी कोणी पनीर केलं. पुढच्या वेळी दुसऱ्या घरी पनीर आणि पुलाव झाला. तिसऱ्या घरी त्यावर गुलाबजाम आले, आधी सूप आलं. चौथ्या घरच्या बाईने विचार केला, आपल्याला एवढं जमायचं नाही, पुढच्या महिन्यात बघू. तो पुढचा महिना अजून उगवलेला नाही. चार पदार्थ होते तेव्हा महिन्यातून दोनदा माणसं यायची. पदार्थ बारा झाले आणि बोलावणं वर्षावर गेलं. आता तर आपण सरळ हॉटेलात नेतो आणि बिलासाठी काउंटरवर भांडतो. यात कोणा एकाचा दोष नाही. प्रत्येकाने प्रेमानेच एक पदार्थ वाढवला.

पण त्याची किंमत कोण मोजतं, ते सांगते. नाव सांगणार नाही. आपल्यातलेच एक काका आहेत. काकू गेल्या, मुलगा पुण्याला, मुलगी त्याहून लांब. काकांकडे दुपारी डबा येतो. अर्धा दुपारी खायचा, अर्धा झाकून रात्रीसाठी ठेवायचा, असा त्यांचा नेम झाला होता. आमंत्रणं त्यांना भरपूर होती. लग्नाच्या पत्रिका टीपॉयवर रचून ठेवलेल्या असायच्या. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या शेजारी एक भाडेकरू कुटुंब आलं. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, लहान पोरगी. एका संध्याकाळी ती मुलगी गेटवर येऊन म्हणाली, "आबा, आईनं जेवाले बोलावलं. भरीत केलं." काका गेले. त्यानंतर ते आठवड्यातून एकदा तिथे जेवतात आणि पोरीचा पाढा घेतात. मला ते एकदा म्हणाले, "मॅडम, पंगतीत वाढपी 'घ्या, घ्या' म्हणतो. पण 'आज तुम्ही कमी जेवले' असं मला किती दिवसांनी कोणी म्हणालं."

आपण कमी जेवलो हे कळायला समोरच्याला आपण रोज किती जेवतो ते माहीत असावं लागतं. ते लॉनवरच्या बुफेत कळत नाही. आणि हेही बघा, की हे काम सोसायटीत सर्वांत नव्या, भाड्याने राहणाऱ्या घराने केलं. त्यांच्याकडे डायनिंग टेबलसुद्धा नाही. सतरंजीवर बसून जेवतात.

आता कोणी म्हणेल, मॅडमना जुना काळ फार गोड वाटतो. तसं नाही. मी खेड्यातली आहे, १९७२ चा दुष्काळ मी शाळकरी वयात पाहिला. राज्याचे मुख्यमंत्री तेव्हा आपल्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. दुष्काळी कामांवर माणसं खडी फोडत होती, पोरांना सुकडी मिळायची, आणि रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी यायची. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा. तरी दारात माणूस आला की माझी आई वरणात तांब्याभर पाणी आणि चिमूटभर मीठ वाढवायची आणि म्हणायची, "बसा, दोन घास खाऊन जा." पाहुणा उपाशी गेल्याचं मला आठवत नाही. पण आई शेवटी जेवायची. टोपल्यात काय उरलं, तिच्या वाट्याला काय आलं, हे कोणी बघत नसे. तो पाहुणचार मला जसाच्या तसा परत नको आहे. त्यातलं पाण्याने वाढवलेलं वरण घेऊ, आईचं रिकामं टोपलं नको.

साधं वाढलं तर आपली शोभा होते, अशी भीती आपल्या मनात असते. तिच्यासाठी एक खरी गोष्ट सांगते. अनंत हरी गद्रे नावाचे पत्रकार आणि नाटककार होऊन गेले. 'निर्भीड' हे त्यांचं पत्र. त्यांनी 'झुणका-भाकर सत्यनारायण' सुरू केला. त्या काळी ज्यांना अस्पृश्य म्हणत त्या समाजातलं जोडपं पूजेला बसायचं, आणि प्रसाद म्हणून झुणका-भाकर. सगळ्या जातींची माणसं एकत्र बसून तो प्रसाद खायची. लोक गद्र्यांना 'समतानंद' म्हणू लागले. शिऱ्याला तूप, साखर, रवा लागतो. झुणका-भाकर मात्र ज्याच्या घरात पीठ आहे त्याला करता येते, आणि खाणाऱ्यालाही ओझं वाटत नाही. मला वाटतं, साध्या पदार्थाची ताकद इथे आहे. तो कोणालाही करता येतो, म्हणून कोणालाही बोलावता येतं.

आपल्या सोसायटीतही एका घरी मटणाशिवाय रविवार होत नाही, आणि दुसऱ्या घरी चातुर्मासात कांदा-लसूण चालत नाही. आपण सगळे एकमेकांच्या दारात उभं राहून गप्पा मारतो, चहाही घेतो. पण ताटावर बसायची वेळ आली की ज्याच्या त्याच्या ओळखीतलीच घरं. पंचवीस वर्षं झाली, आता तेवढं एक फाटक उघडायला हरकत नसावी.

बोलवायचं कसं, हेही आपल्या शेतकऱ्याकडून शिकावं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपल्याकडे बैलांची खांदमळणी असते. खांद्याला तूप-हळद चोळतात आणि बैलाला सांगतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." बैल आपल्याच गोठ्यातला, वर्षभर आपलंच खाणारा. तरी त्याला एक दिवस आधी, जवळ जाऊन, अंगावर हात ठेवून बोलावतात. आणि आपण माणसाला ग्रुपवर पत्रिका टाकून बोलावतो, अन् तो आला नाही की रुसतो.

आता कामाचं सांगते. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी जेवायला असतं. त्यातून जे जमलं, ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिलं म्हणजे घरातली ताटं मोजा. आमच्याकडे रोजच्या वापराची आठ आहेत. घरचे चार, म्हणून पाहुणे चार. नवव्या माणसासाठी प्लास्टिकच्या प्लेटा आणायच्या झाल्या की तो कार्यक्रम होतो, आणि कार्यक्रम झाला की पदार्थ वाढतात.

दुसरं, एक दिवस आधी दारात जाऊन सांगा आणि दोन गोष्टी विचारा. उपवास आहे का, आणि काय चालत नाही. सोमवार, चतुर्थी, एकादशी कोणाची असते, कोणाचे रोजे असतात. कोणाला साखर, कोणाला बीपी. विचारलेलं कोणाला वाईट वाटत नाही. न विचारता केलेलं पक्वान्न समोर ठेवलं आणि त्या माणसाला खाता आलं नाही, तर दोघंही ओशाळतात.

तिसरं, पदार्थ. आमचा नियम एवढाच आहे की रोजचं जेवण, आणि वर एक गोष्ट. ती एक गोष्ट हंगामाची असावी. थंडीत वांग्याचं भरीत, हिरवा ठेचा, हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा, तुरीच्या ओल्या दाण्यांचा सोलेभात. उन्हाळ्यात आमरस आणि सोबत आपणच वाळवलेल्या कुरड्या. रस असेल त्या दिवशी भाजी नसली तरी कोणी विचारत नाही. पावसाळ्यात कढी-खिचडी आणि पापड. गोड हवंच असेल तर गुळाचा खडा आणि तूप ठेवा. लहान मुलं तोच मागून घेतात, हा माझा अनुभव आहे.

चौथं, माप. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं आणि घराघरांत गेलं, त्याचं एक कारण म्हणजे त्यात वाटी-चमच्याचं माप आहे. माणसं किती आणि लागेल किती, ही धास्ती एकदा गेली की निम्मं काम झालं. आमचं आठ जणांचं माप असं. ज्वारीचं पीठ एक किलो, त्याच्या मध्यम बारा-तेरा भाकरी होतात. तुरीची डाळ पाव किलोला थोडी जास्त. तांदूळ अर्धा किलो. भरताची वांगी दीड किलो, कारण भाजून सोलल्यावर ती बरीच कमी होतात. किंवा चुनासाठी पाव किलो बेसन. थोडं उरलं तर सकाळी न्याहारीला फोडणीचा भात आणि कुस्करलेली भाकर. कमी पडलं तर वरणात तांब्याभर पाणी आहेच.

पाचवं माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. करणारी बाई पंगतीत बसली पाहिजे. भाकरी गरम हवी, म्हणून ती तव्यापाशी उभी आणि बाकीचे जेवतायत, हे चित्र आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. याला दोन उपाय आहेत. एक तर भाकरी आधी करून फडक्यात गुंडाळून टोपल्यात ठेवा. छान मऊ राहतात, चुनासोबत गरम-गार काही कळत नाही. किंवा ज्या दिवशी एकटीवर काम येणार असेल त्या दिवशी खिचडी-कढी किंवा वरणफळं करा. एका भांड्यात होतात, आणि झाकण ठेवून बाहेर येऊन बसता येतं. वाढायचं काम पुरुषांनी आणि मुलांनी करावं. भाऊ, दादा, मी तुमच्याकडेच बघून बोलते आहे. "चार जण येतायत, काहीतरी कर," हे तुमचं वाक्य आहे ना, त्यातलं 'काहीतरी' हेच सगळ्या त्रासाचं मूळ आहे. त्याऐवजी सांगा, "चार जणांना बोलावलंय, भाजी मी चिरतो, चून कर." बायको पुढच्या महिन्यात स्वतःहून म्हणेल, बोलवा कोणाला तरी.

सहावं, आग्रह. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा दागिना मानतात. पण तो एकदाच करावा. दुसऱ्यांदा "नको" म्हटलं की हात मागे घ्यावा. ताटात टाकून उठावं लागतं तेव्हा पाहुण्यालाही वाईट वाटतं आणि अन्नही जातं.

सातवं, वेळ. साडेसातला ताटं, साडेनऊला पाहुणे घरी. मुलांचा अभ्यास असतो, सकाळी नळ येतो, कोणाला पहाटेची एसटी असते. रात्र लांबली नाही तर माणसं पुन्हा यायला तयार होतात.

आता पाहुण्यांनाही दोन शब्द. मिठाईचा डबा आणू नका. तो आणला की पुढच्या वेळी त्यांनाही आणावा लागतो, आणि आपण पुन्हा त्याच चक्रात अडकतो. झाडाला लिंबं असतील, परसात कढीपत्ता, सांबार असेल, तर ओंजळभर घेऊन या. जेवण झालं की आपलं ताट आपण उचला. यजमानीणबाई "राहू द्या हो" म्हणतीलच, तरी उचला. कोणाच्या घरी काय होतं याची बातमी दुसऱ्या घरी नेऊ नका. आणि लगेच परतफेड करायची घाई करू नका. एकटं राहणाऱ्या माणसाला, आजारी माणसाला, परीक्षेच्या घराला परतफेड जमत नाही. 'आता आपल्यालाही बोलवावं लागेल' या ओझ्याने ते यायचंच टाळतील. जेवायला येऊन तुमच्या पोराचा पाढा घेतला, तुमच्या म्हाताऱ्या सासूबाईंशी अर्धा तास बोलले, तरी परतफेड झाली.

एक शंका मला नेहमी विचारली जाते. "मॅडम, घर लहान आहे, पसारा असतो." असू द्या. पसारा सगळ्यांच्या घरी आहे. पाहुणा आला की आपण तो आतल्या खोलीत ढकलतो आणि दार लावतो, एवढंच. ज्या घरी पुस्तकं, औषधाच्या गोळ्या, घडी न घातलेले कपडे दिसतात, त्या घरात पाहुणाही पाय पसरून बसतो. त्या गोळ्या दिसल्या की आपण सहज विचारतो, "काय झालं हो, केव्हापासून?" आणि जे फोनवर कधी निघत नाही ते निघतं. सोसायटी सहकारी आहे, असं आपल्या पाटीवर लिहिलं आहे. वर्गणी, पाणी, दिवे यांचा सहकार आपण उत्तम केला. पण रात्री अपरात्री कोणाचं दार वाजवायचं, हे माणूस ज्या घरी जेवला आहे त्यावरून ठरवतो.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात माझी एक छोटी सूचना आहे. ठराव नको, समिती नको, वर्गणी तर मुळीच नको. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी प्रत्येक घराने एका घराला जेवायला बोलवावं. अट एकच, मागच्या वर्षभरात जे तुमच्याकडे जेवलेले नाहीत तेच घर. ज्यांना त्या महिन्यात जमणार नाही त्यांनी सोडून द्यावं, कोणी हजेरी घेणार नाही. सुरुवात शक्यतो आपल्या ओळीतल्या एकट्या माणसापासून करावी, नाहीतर सर्वांत नव्या भाडेकरूपासून. आणि बोलावताना एवढंच म्हणावं, "साधंच आहे, पण या."

येत्या शनिवारी आमच्याकडे चून-भाकर आहे. आठ ताटांपैकी चार रिकामी आहेत. पहिल्या ओळीतल्या नव्या बिऱ्हाडाला मी उद्या दारात येऊन सांगणारच आहे, इथे माईकवरून सांगितलेलं आवतण धरत नाहीत.

 आता केटररच्या पोळ्या थंड होतायत. एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते.